जयसिंगरावांची दोन सॉफ्टवेअरं

“महाराज, दोन्हींतलं कुठलं घेऊ तेवढं सांगा. उद्या सकाळी मला सही करायचीय.”

केशरगिरी महाराज वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशातलं कुठलं?”

“सॉफ्टवेअर.”

“आणि मला विचारतोस?”

“दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवायचा?”

जयसिंगराव थोरबोले म्हणजे आमच्या दूध संघाचे अध्यक्ष. महाराजांचे जुने शिष्य, पण मठात बसतानाही मोबाइल पालथा घालून त्यावर उपरणं टाकणारे गृहस्थ. बोलायच्या आधी त्यांनी खांबामागे कुणी नाही ना, ते उठून पाहिलं. तिथं मठाचं मांजर होतं. त्याच्याकडेही त्यांनी जरा वेळ रोखून पाहिलं.

मग माझी पाळी आली. मी मठातला सेवेकरी, पलीकडे तांदूळ निवडत होतो.

“हा?”

“त्याला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही,” महाराज म्हणाले.

ते खरंच होतं. तरी मला राग आला.

“बोल आता.”

“एकाला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. गावोगावचं दूध किती आलं, फॅट किती लागलं, सगळं पडद्यावर रंगीत खांब करून दाखवतं. काय झालं ते कळतं. दुसरं डेटा अ‍ॅनॅलिटिक्सचं. ते का झालं हे खोदून काढतं. पुढं काय होईल तेही सांगतं म्हणे.”

“विकणारे काय म्हणतात?”

“पहिला म्हणतो, दुसऱ्याचा सगळा कारभार अंदाजपंचे. दुसरा म्हणतो, पहिल्याकडं नुसती चित्रं. पहिल्यानं येताना पेढे आणले, तेव्हाच मला शंका आली.”

“दुसऱ्यानं काय आणलं?”

“काहीच नाही. त्याची तर जास्तच शंका आली.”

महाराज हसले. हातातली वात तुटली, त्यांनी दुसरी घेतली.

“पण तुला हे हवंय कशाला?”

जयसिंगराव पुढे सरकले. आवाज खाली आला.

“चोर पकडायला. गावोगावच्या दूध केंद्रांवरून आकडे चांगले येतात, आणि टँकर संघात पोचला की दूध पातळ. सगळे टँकर नाहीत, एकच. कुणीतरी पाणी घालतंय, महाराज.”

“ड्रायव्हर?”

“बदलून पाहिला. तरी तेच.”

“मग यंत्रं काय म्हणाली?”

“दोघांनाही आमचे आकडे देऊन पाहिले. पहिल्यात सगळे खांब हिरवेगार. दुसऱ्यानं मात्र नेमकं बोट ठेवलं. त्याच टँकरवरचं चिंचपिंपळ्याचं केंद्र. शिवलिंग कोरे.”

नाव घेताना जयसिंगरावांचा चेहरा खुलला. इतका वेळ आंबलेला माणूस एकदम ताजातवाना दिसायला लागला. मला ते मुळीच आवडलं नाही.

“कोरे म्हणजे गेल्या निवडणुकीत तुझ्या विरोधात उभा राहिलेला?”

“त्याचा इथं काही संबंध नाही.”

“नसेल.”

“दुसरं सॉफ्टवेअर घेतलं की त्याचाच कागद पुढं करून केंद्राला कुलूप. कोरे पोलिसांत. बोलायची सोयच राहणार नाही कुणाला.”

“चिंचपिंपळ्याच्या बायकांनी दूध कुठं घालायचं मग?”

“ते बघू नंतर.”

“कोरेला विचारलंस?”

“चोर कधी खरं सांगतो होय?”

वातींचा छोटासा ढीग झाला होता, तो त्यांनी हातानं सारखा केला.

“तुझं ठरलंय की सगळं. मग माझ्याकडं कशाला आलास?”

“आशीर्वाद...”

“खोटं.”

जयसिंगरावांनी मान खाली घातली. शिष्य असले तरी त्यांना असं तोंडावर बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“उत्तर फार मनासारखं आलं, महाराज,” ते शेवटी म्हणाले. “आजवर माझ्या मनासारखं काही सुखासुखी झालेलं नाही. म्हणून झोप लागेना.”

महाराजांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“त्या टँकरमध्ये आणखी कुठलं दूध पडतं?”

“एकाच गावचं. आमच्या आंबेखिंडीचं.”

“तिथलं केंद्र कोण बघतं?”

“मानसिंग. माझा धाकटा भाऊ.”

“आंबेखिंडीचं यंत्रांनी काय सांगितलं?”

जयसिंगरावांनी उपरण्याखालचा मोबाइल उगाच सरळ केला.

“जयसिंगा?”

“तिथले आकडे दिले नाहीत.”

“कुठल्या यंत्राला?”

“दोन्ही यंत्रांना. घरचं दूध आहे, महाराज. त्यात काय तपासायचं? आणि बाहेरच्या माणसांपुढं घरचं कशाला मांडायचं?”

माझा हात तांदळातच थांबला. आत टाकलीच नाही ती चोरी यंत्रानं कुठं शोधायची? जो समोर होता, त्याच्या नावावर ते लिहून मोकळं झालं. मला वाटलं महाराज आता चांगले कडाडतील.

ते उठले आणि आतून खिरीच्या दुधाची चरवी घेऊन आले.

“लॅक्टोमीटर आहे का खिशात?”

“असतोच.” जयसिंगरावांनी सदऱ्यातून काचेचा लॅक्टोमीटर काढला. “टपरीवर चहा घेतानासुद्धा मी आधी दूध बघतो.”

“बघ.”

त्यांनी तो चरवीत सोडला. वाकून, डोळा बारीक करून पाहिलं.

“बरं आहे. पण थोडं पाणी वाटतंय. कोण देतं?”

दूध देवाच्या नैवेद्याचं होतं. पण विचारताना त्यांची जीभ अडखळली नाही.

“दाराशी तुझ्या ड्रायव्हरनं कॅन आणून ठेवलाय. त्यात काय आहे?”

“दूधच. आपल्या खिरीसाठी. मानसिंगनं पाठवलंय.”

महाराजांनी लॅक्टोमीटर त्यांच्या हातातून घेतला, उपरण्याला पुसला. कॅन ओढून दोघांच्या मधे आणला आणि झाकण काढलं.

कॅनच्या तोंडावर जयसिंगरावांचा तळहात होता.

तो कधी गेला ते मलाही दिसलं नाही, आणि त्यांनाही कळलं नसावं, कारण ते स्वतःच त्या हाताकडे बघत राहिले. बोटातली अंगठी दुधाला टेकत होती. हात काढावा असं त्यांना वाटत होतं, ते चेहऱ्यावरून समजत होतं. पण तो निघाला नाही.

...

आतापर्यंत माझा त्यांच्यावर राग होता. त्या घटकेला मात्र कीव आली. हाच भाऊ लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन ते मठात यायचे, ते मी पाहिलंय.

“महाराज...” ते हाताकडे बघतच म्हणाले. “उद्या मी सही... कशावर करू?”

महाराजांनी लॅक्टोमीटर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवला.

“तुझा संशय अजून कच्चा आहे, जयसिंगा. घरापर्यंत पोचू दे त्याला.”