दुसऱ्या फेरीत कोण लढलं

एकदा एका वस्तादानं आपल्याच शिष्याची जिंकत आलेली लढत मोडली. भर मैदानात, सगळ्या गावादेखत, रिंगमध्ये टॉवेल टाकून. मुष्टियुद्धात कोपऱ्यातून टॉवेल पडला की हार कबूल, असा त्याचा अर्थ. पंच लढत थांबवतो आणि समोरच्याचा हात वर करतो. शिष्य मार खात असता तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण शिष्य मारत होता. समोरचा धिप्पाड गडी एकदा गुडघ्यावर आला होता. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. आणि म्हाताऱ्यानं टॉवेल टाकला.

त्या दिवसापासून गावात वस्तादाला कुणी रामराम घातला नाही.

शिष्य होता लाकडाच्या वखारीतला हमाल. दारातून आत येताना आधी खांदा तिरका करावा लागे, असं अंग. दोघांना न पेलणारा ओंडका एकटा उचलायचा. वखारीचा शेठ म्हणायचा, "याला जेवू घालण्यापेक्षा ट्रक ठेवणं परवडेल." पण पोरावर जीव शेठचाच होता. दूध, अंडी त्याच्याच घरून यायची. जड वजनाच्या गटात यंदा जो जिल्ह्यात पहिला येईल त्याला खेळाडूंच्या जागेवर पोलिसात घेणार होते, आणि आपल्या वखारीतून फौजदार निघाला असं शेठला पाव्हण्यारावळ्यांना सांगायचं होतं. पोराचं मागणं त्याहून लहान होतं. त्याचा बाप त्याच वखारीत ओंडके उचलून उचलून कमरेतून गेला होता आणि आता ओट्यावर बसून माशा वारत होता. पोराला त्या ओट्यावर बसायचं नव्हतं. बस्स, एवढंच.

वस्तादाची तालीम जुनी, कुस्तीची. अर्ध्या हौद्यात अजून लाल माती होती, उरलेल्या अर्ध्यात फळ्या ठोकून त्यावर रिंग उभी केलेली. वस्ताद तिरसट. कौतुक त्याच्या तोंडून निघत नसे, आणि त्याची एक खोड होती. प्रत्येक लढतीआधी तो शिष्याला एक डाव ठरवून द्यायचा. डाव साधा, कंटाळवाणा. फेरी संपली आणि शिष्य धापा टाकत स्टुलावर बसला, की पाण्याची बाटली हातात धरून आधी विचारायचा, "डाव सांग." पाढे म्हणावेत तसा तो म्हणायचा, मगच पाणी मिळायचं.

पोराला याचा मनस्वी राग होता.

"वस्ताद, मी लढायला येतो की शाळेत?"

"शाळेत गेला असतास तर माझ्या वाट्याला आला नसतास. डाव सांग."

"डावा ठोसा मारायचा, उजवीकडं सरकायचं. परत डावा, परत उजवीकडं."

"का?"

"त्याचा उजवा हात भारी आहे. त्या हातापासून लांब राहायचं."

"आणि तुझा उजवा?"

"तिसऱ्या फेरीपर्यंत खिशात."

"शाबास."

"खिशातच कुजायचा तो! वस्ताद, माझ्या अंगात रग आहे. ती सुटली की समोर कोण आहे तेही मी बघत नाही. ती कशाला बांधून ठेवता?"

"रग रेड्याला पण असते. त्याला पोलिसात घेत नाहीत."

भोवतालची पोरं हसली. हा मात्र आतल्या आत धुमसत राहिला. त्याच्या मनानं घेतलं, की म्हातारा भित्रा आहे. स्वतःच्या अंगातलं पाणी आटलं म्हणून दुसऱ्याच्या पाण्याला बांध घालत बसतो. लढणारा माणूस जन्मालाच यावा लागतो, आणि आपण तसे आलो आहोत. शेठही तेच म्हणायचा. गावही तेच म्हणायचं. मग माणसाला ते खरं वाटायला कितीसा वेळ लागतो?

जिल्ह्याच्या अंतिम लढतीच्या दिवशी पहिली फेरी ठरल्याप्रमाणं गेली. डावा, उजवीकडं. डावा, उजवीकडं. लोक कंटाळले. "अरे, नाचायला आलास का?" म्हणून कुणीतरी ओरडलं. पोराला ते झोंबलं. दोनदा त्यानं डाव मोडला आणि खिशातला उजवा काढून हाणला. दोन्ही ठोसे बसले. दोन्ही वेळा त्यानं चोरून कोपऱ्याकडं पाहिलं आणि दात काढले. वस्तादानं डोळे वटारले. फेरी संपल्यावर पोरानं डाव म्हणून दाखवला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या फेरीची घंटा झाली.

समोरचा पुढं आला. पोरानं डावा मारला, उजवीकडं सरकला, आणि त्या गड्याच्या डाव्या हाताचा मोजा आपल्या कानाशी येताना त्याला दिसला.

त्यापुढं जे झालं ते गावाला तोंडपाठ आहे. पोरगा क्षणभर थांबला. मग त्यानं दोन्ही हात सोडले. डाव नाही, आडोसा नाही, पाऊल मोजणं नाही. समोरच्याचे चार खायचा आणि सहा द्यायचा. "अंगात आलं रे पोराच्या!" अशी आरोळी उठली. बायका उभ्या राहिल्या. शेठनं डोक्यावरची टोपी हवेत उडवली, ती पुन्हा सापडली नाही. वस्ताद दोऱ्यांवर वाकून काहीतरी ओरडत होता, पण त्या गलक्यात त्याला कोण विचारतो? समोरचा गडी दोऱ्यांवर आदळला आणि गुडघ्यावर आला. पंचानं आकडे मोजले. तो कसाबसा उठला, तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचला. पोरगा कोपऱ्यात येऊन बसला. वस्तादानं वाकून त्याला काही विचारलं. पोरानं काही उत्तर दिलं. म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरून तोंड दिव्याकडं फिरवलं, पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा ऐकलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पंचाच्या पायाशी टाकला.

"विकलास रे म्हाताऱ्या! पोराला विकलंस!" शेठ ओरडला. त्याच्यामागून सगळं मैदान तेच ओरडलं. चपला आल्या. वस्तादानं पोराचं डोकं आपल्या छातीशी धरलं, चपला पाठीवर घेतल्या आणि रिक्षा करून त्याला थेट सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस पोराला ओकाऱ्या होत होत्या. वस्ताद उशाशी बसून होता. शुद्ध आली आणि शेठकडून झाला प्रकार कळला, तसं पोरानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हातारा उठून घरी गेला.

पोलिसातली जागा समोरच्या गड्याला मिळाली. पोरगा वखारीत परतला. शेठनं त्याला हलक्या कामावर ठेवलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुसरी फेरी सांगायचा छंद लावून घेतला. "असा उजवा आला, आणि तो असा गेला दोऱ्यांवर!" हातवारे करायचा, धापा टाकायचा. ऐकून ऐकून पोरगाही सांगू लागला. तसेच हातवारे, तसाच दम घेऊन. सांगितलं की बरं वाटायचं, आणि मग लगेच म्हाताऱ्याचा संताप यायचा. एका दुपारी तो संताप घेऊनच तो तालमीत शिरला.

तालीम ओस होती. आईबापांनी पोरं काढून घेतली होती. वस्ताद एकटा बसून दाभणानं एक फाटका हातमोजा शिवत होता.

"का टाकलात टॉवेल?"

"बस."

"बसायला नाही आलो. सांगा, नाहीतर..."

"नाहीतर मारशील? मार. सत्तरी उलटली माझी, एका ठोशाचं गिऱ्हाईक आहे मी." म्हाताऱ्यानं मोजा खाली ठेवला. "पण आधी एक सांग. त्याला पाडलास ते कसं पाडलास?"

पोरानं सांगितलं. उभं राहून, हातवारे करून, दम घेऊन.

"हे शेठचं झालं. हात पण शेठसारखेच उडवतोस. आता तुझं सांग. तो खाली गेला तेव्हा त्याचं तोंड कुणीकडं होतं?"

पोरगा थांबला.

"पंचानं तुला बाजूला ढकललं, तेव्हा तो काय म्हणाला?"

पोराचे वर उचललेले हात खाली आले.

"दोऱ्यांवरून मी ओरडत होतो. तुझ्यापासून दोन हातांवर. काय ओरडत होतो?"

पोरानं आठवून पाहिलं. डावा ठोसा आठवला. उजवीकडं सरकलेलं पाऊल आठवलं. कानाशी आलेला मोजा आठवला. त्याच्यापुढं शेठ होता. शेठचा आवाज, शेठचे हात, वखारीतला भुसा. शेठ बाजूला केला, तर तिथं काहीच नव्हतं.

तो मातीत बसला.

वस्ताद हळू बोलू लागला. "डाव मी जिंकण्यासाठी देतो, असं तुला वाटलं. तुझ्यासारख्या रेड्याला जिंकायला डाव कशाला लागतो? डाव मी माझ्यासाठी देतो. माणूस जाग्यावर असला की ठरलेलं त्याला आठवतं, मग तो पाळो की मोडो. पहिल्या फेरीत तू दोनदा मोडलास आणि माझ्याकडं बघून दात काढलेस. डोळे वटारले मी, पण बरं वाटलं. म्हटलं, पोरगा घरात आहे. दुसऱ्या फेरीत मोडलास तेव्हा तू माझ्याकडं बघितलंच नाहीस. लोक म्हणाले, अंगात आलं. मान कापलेली कोंबडी पण अंगणभर पळते. तिला कुणी शूर म्हणत नाही."

"पण मी जिंकत होतो..."

"हात जिंकत होते. कोपऱ्यात आलास. मी विचारलं, डाव सांग. तर तू मला काय म्हणालास ठाऊक आहे? म्हणालास, 'वस्ताद, माझी लढत कधी आहे? लवकर लावायला सांगा, आई वाट बघत असेल.' मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालास. अगदी शहाण्या पोरासारखा. आता सांग, कुणाला पाठवू मी तिसऱ्या फेरीत? रिकाम्या घराला? त्या गड्याचा उजवा अजून शाबूत होता. तो एकदा बसला असता, तर शेठला सांगायला याहून मोठी गोष्ट मिळाली असती, आणि तुझ्या आईला काहीच नाही."

मग पोरानं विचारलं, "हे लोकांना का नाही सांगितलंत? तुम्ही मला विकलं म्हणतात सगळे."

"म्हणू दे. डोक्याला मार बसला म्हणून सांगितलं असतं, तर गावानं तुला येडा ठरवलं असतं. मग पोरगी कोण देतंय तुला? माझ्या लग्नाचं कुठं अडलंय?"

पोराला हसू आलं नाही. "पुढच्या वर्षी?"

"डॉक्टर नाही म्हणालेत. पुढच्या वर्षी नाही आणि कधीच नाही. ते सांगायला येणारच होतो मी. पाय उचलत नव्हता."

"मग मी काय करू, वस्ताद?"

शिष्याचा प्रश्न आला की गोष्टीतल्या गुरूकडं उत्तर तयार असतं. या म्हाताऱ्याकडं नव्हतं. "ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि दाभण हातात घेऊन तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी वखारीत परगावचं एक गिऱ्हाईक आलं. शेठनं लाकूड दाखवायच्या आधी दुसरी फेरी दाखवली, आणि ऐन रंगात आल्यावर पोराला हाक मारली. "ये रे लेका, आता तूच सांग. कसा पाडलास?"

पोरगा ओंडक्याला माप लावायला वाकला होता. तो सरळ झाला.

"मला नाही ठाऊक, शेठ," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो."

शेठ पोट धरून हसला. गिऱ्हाईकही हसलं.