जड झालेली शेळी

माणूस नुकताच तूर झोडायला शिकला होता, तेव्हाची ही गोष्ट. ठकूबाई दाणे घरात नेई, भुसकट टोपलीनं शेळीपुढं ओती आणि तुराट्या गोठ्याच्या कुडाला लावी.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "शेळी आता जड झालीय हो."

शेळी फुगली. कुडातल्या तुराटीला म्हणाली, "ऐकलंस ना गं वाळके? तुझ्याच भुसकटावर जड झाले मी!"

"मीपण शेंगांनी जड झाले होते, बाई. तेव्हाच विळा आला."

"जळकुकडी कुठली!" शेळी हसली.

बाजाराच्या दिवशी खाटकानं तिला उचलून पाहिलं. "जड आहे," म्हणाला आणि घेऊन गेला.

संध्याकाळी तीच टोपली तिच्या करडापुढं आली. करडू तुराटीला म्हणालं, "आई येईपर्यंत मी तिच्याएवढं जड होणार!"