चाईच्या डोंगरावरची भिवरी

ही गोष्ट कोणाच्या पणजीने पाहिली, ते आता कोणालाच सांगता येत नाही, इतकी ती जुनी आहे. तेव्हा उंबरमाळ ही ठाकरांची बारा झोपड्यांची वाडी होती आणि मागचा सगळा डोंगर चाईच्या वेलींनी भरलेला होता. पावसाळ्यात चाईची भाजी खायची, वेल वाळला की खाली खणून कंद काढायचा. त्यावर वाडी जगायची.

त्या वाडीत भिवरी नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, घरात एकुलती एक लेक, चिमी. भिवरी कंद काढायची, पण वेलाजवळचं त्याचं डोकं कापून पुन्हा खड्ड्यात ठेवायची आणि वर माती ओढायची. कारण त्या डोक्यातूनच पुढचा वेल फुटतो. दुसऱ्या कोणी खड्डा उघडा टाकला, तर ती त्याला तो बुजवायला माघारी पाठवायची.

बाया हसायच्या. "काय गं भिवरे, कंद खणतेस का पेरतेस?"

"दोन्ही," ती म्हणायची. "तुझ्या नातवाला काय दगड उकडून घालशील?"

मग दोन वर्षं आभाळ कोरडं गेलं. लोकांनी डोंगर खणून काढला. आधी कंद गेले, मग डोकीही गेली. भिवरी एकेकाच्या पाया पडली, पण भुकेल्या माणसाला काय ऐकू येतं? शेवटी वरच्या कड्याला एकच वेल उरला. तिथे रोज बसून ती त्याची राखण करायची.

एके दिवशी चिमी अंथरुणातून उठेना. तिचे ओठ पांढरे पडले होते. भिवरीने कड्यावर जाऊन तो वेल खणला. कंद अंगठ्याएवढा निघाला. तिने डोकं हातात धरलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि तेही घरी नेऊन उकडलं.

चिमी वाचली. पुढच्या साली पाऊस भरपूर झाला, पण डोंगरावर चाईचं एक पानही फुटलं नाही.

कोणी भिवरीला बोल लावला नाही. तेच तिला सोसलं नाही, असं म्हणतात. तिने रिकामी झोळी खांद्याला अडकवली आणि लेकीला म्हणाली, "पल्याडच्या वाड्यांतून डोकी मागून आणते. चार दिवसांत येते. शेजारच्या ठकीकाकीपाशी राहा."

चार दिवस गेले. चार महिने गेले. पुढच्या पावसाच्या तोंडावर एक अनोळखी माणूस चाईच्या डोक्यांनी भरलेली झोळी घेऊन आला.

"एका बाईने दिलीय. म्हणाली, चिमीला सांग, लाव, मी पुढच्या वाडीला जाऊन येते."

"ती का नाही आली?" चिमीने विचारलं.

"आम्हीपण सगळं खाऊन बसलो होतो गं पोरी. आम्हालाही अर्धी डोकी दिली आणि आणखी आणायला गेली. मी म्हटलं, बस, घोटभर पाणी पी. उभ्यानेच प्यायली."

चिमीने सगळी डोकी लावली. त्यानंतर दर साली झोळी येत राहिली. कधी कोणी आणून द्यायचं, कधी ती सकाळी वेशीवर नुसतीच ठेवलेली असायची. चिमीचं लग्न झालं, केस पिकले. तरी दूरदूरच्या वाड्यांतले लोक सांगायचे, भिवरीला आम्ही परवाच पाहिलं, तिचे केस अजून काळेभोर आहेत. चिमी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "माझं नाव काढलं का?"

डोंगर पुन्हा भरला. कड्यापर्यंत वेल चढले. झोळ्या यायच्या थांबल्या, भिवरी मात्र आली नाही.

आजही उंबरमाळला कंद काढायच्या दिवसांत प्रत्येक घर झोळीभर डोकी बाजूला काढतं. जिथे चाई उरली नाही अशा वाडीच्या वेशीवर ती ठेवून येतात. कोणी पाठवली ते सांगायचं नसतं. आणि खणण्याच्या शेवटच्या दिवशी वाडीतल्या सगळ्या लेकी कड्यावर जातात. चिमीने पहिल्यांदा घातलेली हाक त्या एकदमच घालतात:

"आये, पुरं झालं गं! आता घरी ये!"

मग थोडा वेळ कोणीच डोंगर उतरत नाही.