शाई न पुरलेली वही

सगुणाचा गुन्हा एवढाच, की एका वाटसरूनं कुंभाराचं घर विचारलं आणि तिनं ते सांगून टाकलं!

राजा भद्रसेनाच्या नगरात असे परस्पर पत्ते सांगायला बंदी होती. कोण कुठं राहतं ते एकाच वहीत लिहिलेलं, आणि ती वही दफ्तरदार गुंडोपंतांच्या मांडीखाली. सासुरवाडीला जायचं तरी आधी पंतांपुढे रांग लावायची. पंत दुपारी लवंडले, की अख्खं नगर जिथल्या तिथं खोळंबायचं. राजाला मात्र या वहीचा कोण अभिमान!

टोपल्या विणणाऱ्या सगुणाला दरबारात उभं केलं. पंतांनी तिच्या नावावर शाईची दौतच उपडी केली.

"संपलं!" राजा म्हणाला. "वहीत नाही ते घर नगरात नाही. उद्या दिवस मावळायच्या आत वहीशिवाय एक जरी माणूस तुझं घर शोधत आला, तर नाव परत लिहू. नाहीतर घर पाडू आणि तुला वेशीबाहेर काढू!"

"आणि जो जाईल त्याला पंचवीस फटके!" पंतांनी शेपूट जोडलं.

त्या घराच्या भिंती तिनं स्वतःच्या हातांनी लिंपल्या होत्या. फटके खायला कोण येणार? पण ती ठसक्यात म्हणाली, "कबूल, महाराज! पण उद्या मी म्हणेन दहा जण आले, पंत म्हणतील एकही नाही. त्यापेक्षा पहाटेपासून दारात तुमचीच माणसं बसवा की!"

"बसवतो! एक सोडून चार शिपाई बसवतो!"

सगुणा मान खाली घालून निघाली. हसू लपवायला तेवढंच बरं पडलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात चिटपाखरूही फिरकलं नाही. शिपाई ताक पीत बसले, ती सूप विणत बसली. दिवस मावळताच सगळे दरबारात आले.

"कोणी आलं?"

"कोणी नाही, महाराज!" शिपाई म्हणाले. पंतांनी मिशीला पीळ भरला.

"चार जण आले की!" सगुणा म्हणाली. "हे काय, इथंच उभे आहेत! विचारा त्यांना, माझं घर कुठल्या वहीत सापडलं?"

शिपाई पंतांकडे चोरून बघू लागले.

"बोला!" राजा गरजला.

"महाराज, वहीत नुसता डाग! आणि वहीशिवाय पंतांना एक घर सांगता येईना. मग तेल्याला विचारलं. तो म्हणाला, चिंचेपर्यंत जा, पुढचं सुताराला ठाऊक. सुतारानं आडावर धाडलं. आडावरच्या बायकांनी घर तर सांगितलंच, वर हिची कोंबडी कुठं अंडी घालते तेही सांगितलं!"

"ही आमची वही, महाराज," सगुणा म्हणाली. "ती खोडायची तर पंतांना शाई पुरायची नाही!"

"नियम तो नियम!" पंत ओरडले. "चौघांनाही पंचवीस-पंचवीस फटके!"

"आणि त्यांना पाठवणाऱ्याला किती हो, पंत?" सगुणानं विचारलं.

राजाचा चेहरा लाल झाला, फुगला, आणि हसू असं फुटलं की मुकुट घरंगळत पंतांच्या पायाशी गेला! राजानं सगुणाला हातातलं सोन्याचं कडं दिलं, गल्लीगल्लीला आपापली नावं सांभाळायची मुभा दिली, आणि ती जाडजूड वही टोपल्यांना कागद लिंपायला तिच्याच डोक्यावर दिली.

पंत मात्र दाराशी घुटमळत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "सगुणाबाई, तेवढं माझं घर कुठं आलं?"