अमिराचं अंजीर

"मग आता लोकांनी भ्यायचं कशाला, बाबा?"

वाळवंटातल्या एका तेलाच्या मुलखाचा तरुण अमीर नाझिम विचारत होता. समोर याकूब फकीर खजुराच्या काथ्याची दोरी वळत बसला होता.

"तेल आटत चाललंय, हे सगळ्यांना कळलंय. पण मी गप्प बसलो नाही. काचेचा कारखाना काढला, मासळीचा काढला, होड्या बांधायचा काढला. उद्या नमाजानंतर तुम्ही एवढंच म्हणा, की कुणी उपाशी राहणार नाही. तुमचा शब्द लोक मानतात."

"कारखान्यांत पगार कोण देतं?"

"मीच देतो, तेलाच्या पैशातून. अजून लहान आहेत ते."

"कधीपासून लहान आहेत?"

अमीर बोटांवर वर्षं मोजू लागला.

फकीर उठला. "चल, तुझं अंजीर बघू."

ते झाड गेल्या साली अमिरानेच फकिराच्या दारात लावलं होतं. पाणी घालायला माणूसही ठेवला होता. रोज सकाळी बुंध्याशी घागरभर. परवाच्या वाऱ्यात झाड आडवं झालं होतं.

अमीर वाकला. मुळं बुंध्याभोवतीच वेटोळं घालून बसली होती, परातीएवढ्या जागेत.

"माझ्या माणसाने पाणी चुकवलं?"

"छे. एक दिवस चुकला नाही बिचारा. झाडाला अंथरुणातच जेवण मिळायचं."

अमीर हसला. मग हसायचा थांबला.

पलीकडे फकिराने लावलेलं अंजीर होतं. कोवळंच, पण त्याच वाऱ्यात उभं राहिलेलं. फकिराने कळशी उचलली आणि झाडापासून हातभर लांब वाळूत पाणी ओतलं.

"बाबा, झाड इकडे आहे."

"दिसतंय मला. मागच्या महिन्यात वीतभर लांब घालत होतो."

"तहानेल की ते."

"तहानेल. मग मूळ निघेल शोधायला."

"आणि नाहीच पोचलं तर?"

"तर उद्या थोडं जवळ घालू. मी आहे ना इथे."

अमिराने ओली वाळू मुठीत घेतली.

"म्हणजे उद्या तुम्ही बोलणार नाही."

"बोलेन की, तुझ्या शेजारी उभा राहून. आधी तू सांग, कारखान्यांनाही पाणी लांब घालणार म्हणून."

"लोक ओरडतील."

"ओरडू देत. ऐकून घे."

"मग पुढच्या साली सुरू केलं तर..."

फकिराने कळशी त्याच्या कानाजवळ नेऊन हलवली. आत पाणी डुचमळलं.

"हे कळशीत पाणी असतानाच जमतं, पोरा."