शेऱ्यावर तीन हुकूम

इनामदार अप्पासाहेबांनी हौसेनं पाळलेला शेऱ्या कुत्रा कुणाचंच ऐकेना. अप्पासाहेब ओरडत, "बस!" तेवढ्यात इनामदारीणबाई म्हणत, "इकडे ये!" आणि थोरला मुलगा, "हो बाहेर!" बिचारा जागच्या जागी गरगर फिरे.

"मठ्ठ आहे! रानात सोडून या!" एके दिवशी अप्पासाहेब गरजले. बैलगाडी जुंपली गेली.

धाकटी सून सगुणा पुढे झाली. "मामंजी, मी सांगते तेवढं करून दाखवाल?"

"त्यात काय अवघड?"

"बसा, इकडे या, बाहेर व्हा!" ती एका दमात म्हणाली.

अप्पासाहेब अर्धवट उठले, पुन्हा टेकले आणि गोंधळून बघत राहिले.

"गाडीत जागा पुष्कळ आहे, मामंजी," सगुणा नम्रपणे म्हणाली. "शेऱ्याला एकट्यालाच पाठवायचं ना?"

अप्पासाहेबांना हसू फुटलं. त्यांनी बैल सोडायला सांगितले आणि शेऱ्याला शिकवायचं काम एकट्या सगुणेकडे दिलं.