सरकारांची साठ वर्षांची गिटार

"या गिटारीचं वय सांग आणि जन्मगाव सांग! एकही स्क्रू फिरवायचा नाही, वायर जोडायची नाही. सांगितलंस तर दसऱ्याला पालखीपुढं तुमचाच बँड. नाही सांगितलंस तर मी वाजवणार आणि तू माझा स्पीकर उचलणार!"

असा भर दिवाणखान्यात गरजलो तो मीच. कुंभेरीचा सरकार! सरकार म्हणजे नावाचाच हो. राज्य आजोबांच्या वेळीच गेलं. मागे उरला एक बंगला, एक पालखी आणि माझा हट्ट. बंगला गळतो, पालखी वर्षातून एकदा निघते, हट्ट तेवढा रोजच्या वापरात आहे.

समोर उभी होती वैजयंता, बँडमास्तर महादू वायदंडेची लेक. तिच्या आज्ज्यापासून दसऱ्याच्या पालखीपुढं त्यांचाच बँड वाजत आलेला. यंदा मी तो बंद केला, कारण मला गिटार मिळाली होती! विजेवर वाजणारी, पांढरी, जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. तो म्हणाला होता, "सरकार, थेट अमेरिकेची आहे, साठ वर्षांची! पांढरा रंग कसा पिवळा पडलाय बघा. हे पिवळेपण साठ वर्षांशिवाय येतच नाही." मला तिथल्या तिथं पटलं. खोटं मला नेहमी चटकन पटतं, खऱ्यालाच जरा वेळ लागतो.

मला गाणं एकच येत होतं, तेही अर्धं. तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून, पालखीपुढं तेच अर्धं गाणं देवळापासून शिवेपर्यंत वाजवायचा माझा बेत होता. देवीनं ते कसं सोसलं असतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"सरकार," वैजयंता म्हणाली होती, "पालखीपुढनं आमाला काढलं तर लग्नाची सुपारी कोण दील? सरकारांनीच हाकललं म्हणतील लोक. बाचा बँड बसंल घरी!" इथवर ठीक होतं. पण पुढं ती म्हणाली, "आन् ही साठ वर्षांची हाय, हे कशावरनं?"

माझ्या गिटारीवर संशय! झालं, मी पेटलो आणि ती अट घालून बसलो.

वैजयंतानं पदर खोचला आणि गिटारीभोवती एक फेरी मारली. झोपाळ्यावरून राणीसाहेब म्हणाल्या, "साठ वर्षांची म्हणजे आपल्याहून थोरलीच की! रोज पोटाशी धरता, त्याआधी पाया तरी पडत चला." मी ऐकलं नाही असं दाखवलं. लग्न झाल्यापासून मला ते चांगलं जमतं.

पोरीनं गिटारीचा वास घेतला. मग तिची नजर गेली माझ्या पोटाकडे.

"सरकार, सदऱ्यावर हा पिवळा डाग कसला?"

"असेल कसला तरी," मी म्हणालो.

"कसला तरी?" राणीसाहेब उसळल्या. "महिनाभर सगळे सदरे असेच! आणि साबण लावला की डाग लाल होतो. पान खातात आणि पोटावर सांडतात! म्हणून तर या घरात मी पान बंद केलंय."

पान मी सांडत नाही, हे शपथेवर सांगून झालं होतं. घरात कुणाचा विश्वास बसेना. शेवटी शेवटी माझाही बसेना.

वैजयंता हसली. "राणीसाहेब, बोटभर चुना मिळंल का?"

"पानच बंद, तर चुना कुठला असणार?"

वैजयंता माझ्याकडे बघत राहिली. राणीसाहेबही बघू लागल्या. आता आली का पंचाईत! चुना दिला नाही तर सरकार घाबरले म्हणून गावभर होणार, आणि दिला तर घरात माझी धडगत नाही. पण हट्ट मोठा. मी लोडामागे हात घातला आणि पानाचा डबा बाहेर काढला. राणीसाहेबांनी तो झोपाळ्यावरूनच मागून घेतला, बोटभर चुना वैजयंताला दिला आणि डबा मांडीखाली दाबला.

वैजयंतानं चुन्याचं ओलं बोट गिटारीवर ओढलं. पिवळ्यावर लाल रेघ उमटली!

"अगं बाई!" राणीसाहेब झोपाळ्यावरून उतरल्याच. "ही तर हळद!"

"चुना लावायचं ठरलं नव्हतं!" मी ओरडलो.

"लावायचा न्हाई असंबी ठरलं नव्हतं, सरकार."

"बरं, हळद तर हळद! व्यापाऱ्यानं वरून लावली असेल. आतून गिटार साठ वर्षांची असली तर?"

"खरी म्हातारी असती, तर तिला पिवळी कशाला करावी लागली असती? सरकारांच्या मिश्या पांढऱ्या व्हायला कुणाला चुना लावावा लागला का?"

माझा हात नकळत मिशीवर गेला. राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला.

"मग वय सांग! जन्मगाव सांग!" मी उरलासुरला आवाज चढवला.

वैजयंतानं हात जोडले. "सांगते की! अंगाची हळद अजून उतरली न्हाई, तिला म्हातारी कोण म्हणंल, सरकार? ही तर नवी नवरी! आन् जन्मगावाचं म्हणाल, तर अमेरिकेत हळद कोण लावतंय? जिथं हळद लागली, तिथलीच ही पोर!"

मी क्षणभर गिटारीकडे बघितलं, मग सदऱ्यावरच्या डागाकडे. आणि जे हसू फुटलं म्हणता! लोडावर आडवा झालो, डोळ्यांतून पाणी आलं. महिनाभर मी हळदीच्या नवरीला पोटाशी धरून अमेरिकेच्या गप्पा मारत होतो!

"जिंकलीस, वैजे! पालखीपुढं तुमचाच बँड, मी आहे तोवर! आणि ही नवरीही घेऊन जा, माझ्याकडे तिचे हालच होते."

दसऱ्याला महादूचा बँड असा वाजला की शिवेपर्यंत एकही माणूस मागे फिरेना. ट्रॉलीवर गिटार घेऊन वैजयंता उभी होती आणि गाणं पुरं वाजत होतं. मागून स्पीकर उचलून मी चाललो होतो. हरेल त्यानं स्पीकर उचलायचा, अट माझीच होती ना!

लाल डागांच्या आरोपातून राणीसाहेबांनी मला त्याच दिवशी मोकळं केलं. पानाचा डबा मात्र अजून त्यांच्या कपाटात आहे.